कानांचे अंदाजपत्रक

मध्यमवर्गीय घरातील खरेदीला नेहमी एक कारण लागते. तांदूळ, छत्री किंवा चप्पल यांचे कारण कोणी विचारत नाही. ते त्या वस्तूच्या नावातच असते. पंखा किंवा फ्रीज घ्यायचा तर ‘जुना बिघडला’ एवढे वाक्य पुरते. अडचण येते ती निराळ्याच वस्तूंबाबत. जिच्यावाचून काही अडत नाही, जी घरात आधीपासून आहे आणि तरीही तिच्याहून बरी असावी असे वाटते, अशी वस्तू घ्यायची म्हटले की शब्द सापडेनासे होतात. हेडफोन ही अशी वस्तू आहे. ‘आहे त्यातून ऐकू येत नाही का?’ असे कोणीतरी विचारतेच. ऐकू तर येत असते. मग ‘बरे’ म्हणजे नेमके काय हवे आहे, हे सांगावे लागते. आणि ते सांगण्यासाठी आपण काय ऐकतो व कशासाठी ऐकतो, याचा शोध घ्यावा लागतो.

हाताशी भरपूर पैसा असेल तर हा शोध टाळता येतो. दुकानातील सर्वांत महाग वस्तू उचलली की निवडीचा भार किमतीवर टाकता येतो. पैसे मोजके असले म्हणजे एक गोष्ट मिळवण्यासाठी दुसरी सोडावी लागते, आणि काय सोडायचे हे ठरवताना माणूस स्वतःच्या आवडीची पारख करू लागतो. एरवी आपली आवड आपल्याला ठाऊक आहे असे आपण गृहीत धरून चाललेलो असतो. तंग अंदाजपत्रक तिची साक्ष काढते.

आमच्या घरी हा प्रश्न दोन माणसांचा मिळून होता. शनिवार पेठेतील आमच्या तीन खोल्यांच्या घरात मधल्या खोलीत संगणक आहे. दिवसा त्यावर माझे लेखनवाचन चालते. रात्रीची जेवणे आटोपली की तो दोघांचा होतो. माझा भाचा अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी मिरजेहून आमच्याकडे आला आहे. साडेनऊ ते अकरा तो मित्रांबरोबर संगणकावर खेळतो आणि अकरानंतर मी ख्याल ऐकत बसतो. पलीकडच्या खोलीत ऐंशी ओलांडलेली माझी आई झोपते. त्यामुळे स्पीकर लावण्याचा प्रश्नच येत नाही. संगणकाबरोबर मिळालेल्या हेडफोनच्या गाद्यांवरील नकली चामडे झडू लागले होते आणि तो काढला की दोघांच्याही कानांवर काळे पापुद्रे चिकटून राहत. माझे तीन हजार आणि त्याने शिष्यवृत्तीतून राखलेले दोन हजार, असे पाच हजार रुपये जमले. एक हेडफोन, दोन छंद आणि पाच हजार रुपये, असा हा व्यवहार होता.

भाच्याचे म्हणणे असे की, खेळासाठी ‘गेमिंग’चाच हेडफोन घ्यावा. माझे मत असे की, संगीतासाठी केलेला घ्यावा. बाजारानेही आमचे भांडण आधीच मान्य केलेले होते. तेथे या दोन वस्तूंच्या दोन वेगळ्या मांडण्या असतात. एका मांडणीवरची खोकी काळी असतात. त्यांवर विजेच्या आकाराच्या रेघा आणि लालनिळ्या दिव्यांची चित्रे असतात. दुसऱ्या मांडणीवर डोळे मिटून ऐकणाऱ्या माणसांची छायाचित्रे असतात. खोके उघडल्यावर आत मात्र बहुधा एकच यंत्रणा सापडते. प्रत्येक कानासाठी एक पातळ पडदा, त्याला चिकटवलेले तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे आणि त्या वेटोळ्याभोवती लोहचुंबक. वेटोळ्यातून वीज खेळू लागली की ते चुंबकापाशी पुढेमागे हलते, पडदा त्याच्याबरोबर हलतो आणि हवा थरथरते. तंबोरा असो वा तोफ, पडद्याला दोन्ही सारखेच. बेयरडायनॅमिक या जर्मन कंपनीने गेमिंगसाठी केलेला ‘एमएमएक्स ३००’ हा हेडफोन तिच्याच ‘डीटी ७७०’ या ध्वनिमुद्रणशाळेतील हेडफोनवर आधारलेला आहे, हे कळल्यावर आमच्या वादातील निम्मी हवा गेली.

या वस्तूचा इतिहास पाहिला तर तिच्या वाट्याला आलेल्या कामांची विविधता ध्यानात येते. १९१० साली अमेरिकेतील युटा प्रांतात नॅथनिएल बाल्डविन या गृहस्थाने स्वयंपाकघरातील टेबलावर हेडफोन तयार केले आणि ते तेथील नौदलाला पुरवले. बिनतारी संदेशातील क्षीण ठोके टिपणे हे त्यांचे काम होते. स्टिरिओ संगीत ऐकण्यासाठी हेडफोन वापरावा, ही कल्पना रुजली ती १९५८ मध्ये जॉन कॉस याने आपला हेडफोन बाजारात आणल्यावर. म्हणजे संगीत ऐकण्याच्या कितीतरी आधी हेडफोनने पहारा केला आहे. ‘कुठून काय हालचाल होते आहे’ हे टिपण्याचे भाच्याचे काम हे या वस्तूचे जुनेच काम ठरते, आणि माझा ख्याल हा नंतर आलेला पाहुणा.

भाचा खेळतो त्या ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये शत्रू दिसण्याच्या आधी ऐकू येतो. भिंतीपलीकडे कोणी चालत असेल तर त्याच्या पावलांचा आवाज येतो, आणि तो डावीकडून येतो की उजवीकडून, जवळून की दुरून, यावर डाव फिरतो. हे ऐकण्याचे शास्त्र मोठे मनोरंजक आहे. आपल्या डावीकडे आवाज झाला तर तो डाव्या कानाला आधी आणि उजव्या कानाला किंचित उशिरा पोहोचतो. ध्वनीचा हवेतील वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असल्यामुळे हा उशीर एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. पण मेंदू तो बरोबर मोजतो. शिवाय मस्तक मध्ये आल्यामुळे दुसऱ्या कानाला, विशेषतः बारीक आवाज, थोडे मंद ऐकू येतात. या दोन खुणांची जोडी लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञाने १९०७ मध्ये मांडली. आवाज पुढून आला की मागून, वरून की खालून, हे ओळखायला कानाच्या बाहेरच्या भागातील घड्या आणि वळणे साहाय्य करतात; आवाज त्यांवर आपटून येताना दिशेनुसार किंचित बदलतो. विनोदी चित्रकार ज्या कानाची नेहमी थट्टा करतात, त्याचे वेडेवाकडेपण असे उपयोगी पडते.

एका रात्री भाच्याने मला ‘हेलब्लेड’ नावाच्या २०१७ सालच्या एका खेळातील सुरुवातीचा भाग ऐकवला. त्याची नायिका सेनुआ हिला स्वतःच्या मनात अनेक आवाज ऐकू येतात. ते दोन कानांच्या अंतराचा विचार करून, द्विकर्णी पद्धतीने मुद्रित केलेले आहेत. कोणी डाव्या खांद्यामागून कुजबुजते, कोणी उजवीकडून हसते, कोणी वर्तुळात फिरत बोलते. मी एकदा मागे वळूनही पाहिले. भाचा म्हणाला, “मामा, तुम्हाला वाटतं तसं खेळ म्हणजे नुसती ठो-ठो नसते.” ते मला मान्य करावे लागले, झडत्या गाद्यांच्या त्या जुन्या हेडफोनमधून हे आवाज एकमेकांत मिसळून जात होते, हेही त्याच वेळी जाणवले.

दुसऱ्या रात्री माझी पाळी होती. मी त्याला एका ध्वनिमुद्रिकेचा केवळ आरंभ ऐकवला. गायकाने अजून षड्ज लावलेला नाही, फक्त दोन तंबोरे चालू आहेत. भाचा मिरजेचा. तंबोरे आणि सतारी घडवणाऱ्या कारागिरांमुळे ज्या गावाचे नाव गवयांच्या तोंडी असते त्या गावात तो वाढला, पण तंबोरा त्याच्या दृष्टीने बैठकीत मागे वाजत असलेली एक वस्तू होती. मी त्याला जवारीविषयी सांगितले. तंबोऱ्याची तार घोडीच्या सपाट पाठीवरून जाते आणि तार व घोडी यांच्यामध्ये एक साधा दोरा सरकवलेला असतो. तो दोरा केसभर इकडेतिकडे केला की तारेचे घोडीला होणारे स्पर्श बदलतात आणि मूळ स्वराभोवती वरच्या स्वरांचे जे तेजोवलय उमटते ते कमीअधिक होते. “आता दोन तंबोरे निरनिराळे ऐकू येतात का पाहा,” मी म्हणालो. तो बराच वेळ थांबला आणि म्हणाला, “उजवीकडचा थोडा मागे आहे.” ज्या कानाने तो पावले मोजतो त्याच कानाने त्याने तंबोऱ्याची जागा सांगितली होती.

आमच्या दोघांच्या मागण्या एकच आहेत, हे मला तेव्हा उमगले. त्याला स्फोटाच्या आवाजाआडून पाऊल ऐकायचे होते. मला डग्ग्याच्या घुमाऱ्याआडून जवारी ऐकायची होती. दोघांनाही आवाजांच्या मधली जागा हवी होती. आणि दोघांचा शत्रूही एकच होता. स्वस्त हेडफोन खपावेत म्हणून अनेकदा त्यांतील खर्ज मुद्दाम फुगवलेला असतो. पहिल्या दोन मिनिटांत तो भारदस्त वाटतो. परंतु मोठा खालचा आवाज त्याच्या वरच्या बारीक आवाजांना झाकून टाकतो, हा आपल्या कानाचा स्वभाव आहे. तोफेखाली पाऊल बुडते आणि डग्ग्याखाली तंबोरा बुडतो. खोक्यांवर ‘दणदणीत बास’ असे शब्द ज्या हेडफोनच्या नावापुढे लिहिलेले होते, ते सर्व आम्ही एकमताने बाजूला काढले. आमचे अंदाजपत्रक तेथे प्रथमच उपयोगी पडले.

नंतर एकेका शब्दाची किंमत आम्ही तपासू लागलो. ‘सातबिंदूएक आभासी ध्वनी’ असे लिहिलेले अनेक गेमिंग हेडफोन होते. त्यांतील बहुतेकांत पडदे दोनच असतात; सात दिशांचा भास गणिताने निर्माण केलेला असतो. हे गणित खेळ स्वतः करू शकतो आणि विंडोजमध्येही ‘विंडोज सॉनिक’ या नावाने ती सोय विनामूल्य आहे. फुकट मिळणाऱ्या गणितासाठी खोक्यावर पैसे मोजण्याचे कारण नव्हते. ‘वीस ते वीस हजार हर्ट्झ’ हा मजकूर तर जवळजवळ प्रत्येक खोक्यावर होता. काहींवर चाळीस हजारांचाही दावा होता. तरुण, निरोगी माणसाचा कान साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंत पोहोचतो आणि वयाबरोबर ही वरची मर्यादा खाली येत जाते. आम्ही संगणकावर एकेक स्वर चढवत नेऊन पाहिले. बारा हजारांनंतर माझ्यासाठी खोलीत शांतता पसरली; भाचा पुढेही कितीतरी वेळ मान डोलावत होता. जे मला ऐकू येणार नाही त्याचे पैसे मी भरू नयेत, हा हिशेब सोपा होता. त्यात किंचित उदास वाटण्यासारखे काही होते, पण तंबोरा, सारंगी आणि माणसाचा गळा यांचा बहुतेक संसार त्या मर्यादेच्या आतच चालतो, हे समाधान पुरेसे होते.

किंमत वाढली की आवाज सुधारतो, या समजुतीलाही मर्यादा आहेत. जेरोन ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ साली २८३ हेडफोनांच्या मोजमापांची त्यांच्या किमतींशी तुलना केली, तेव्हा कोणता हेडफोन खालचे-वरचे स्वर किती प्रमाणात उमटवतो आणि तो किती रुपयांना विकला जातो, यांत संबंध आढळला नाही. याचा अर्थ महाग वस्तू वाईट असते असा नव्हे. तिच्यात धातू चांगला असेल, शिवण टिकाऊ असेल, नावाचा मानही असेल. परंतु स्वरांचा समतोल पाच हजारांतही सापडू शकतो आणि पन्नास हजारांतही हुकू शकतो. गरिबाच्या बाजूने बोलणारा हा निष्कर्ष वाचून आम्हांला धीर आला.

तारेचा की बिनतारी, या प्रश्नावर भाच्याचेच ज्ञान कामी आले. ब्लूटूथवरून आवाज पोहोचायला सेकंदाच्या दहाव्या भागाइतका किंवा त्याहूनही अधिक उशीर होऊ शकतो. ख्याल ऐकताना त्याने काही बिघडत नाही. विलंबित लयीला एवढी घाई नसते. खेळात मात्र पाऊल ऐकू येईपर्यंत पावलाचा धनी समोर उभा असतो. शिवाय बोलण्यासाठी ब्लूटूथचा माइक सुरू केला की बहुधा ऐकण्याचा दर्जा टेलिफोनसारखा खाली घसरतो. तारेच्या हेडफोनला बॅटरी नाही आणि विलंबही नाही. त्याच पैशांत अधिक रक्कम पडद्यावर खर्च झालेली असते. यानंतर आला ओहमचा आकडा. ‘डीटी ७७०’ हा एकच हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन रूपांत मिळतो. ओहम जास्त असले की पुरेशा मोठ्या आवाजासाठी अधिक व्होल्ट लागतात आणि संगणकाची साधी खोबण कित्येकदा तेवढे देऊ शकत नाही. मग वेगळा अँप्लिफायर घ्यावा लागतो, म्हणजे हेडफोनच्या मागून दुसरे बिल घरात शिरते. म्हणून आम्ही बत्तीसच्या आसपास थांबायचे ठरवले.

काही गोष्टी कोणत्याच मोजमापात येत नाहीत. मी चष्मा लावतो. चष्म्याची काडी गादीखाली आली की तेथे फट राहते आणि बंद हेडफोनमधील खर्ज तिच्यातून निसटतो. गादी कडक असेल तर अर्ध्या तासात कानशील दुखू लागते. पुण्याच्या एप्रिलमध्ये नकली चामड्याच्या गाद्यांखाली घाम साचतो, कापडी गाद्यांत हवा खेळते. तार सुटी काढता येत असेल तर ती तुटल्यावर तीनशे रुपयांत काम भागते. नसेल तर संपूर्ण हेडफोन जातो. गाद्या बदलता येतात का, हा प्रश्न तर पापुद्र्यांनी आम्हांला आधीच शिकवला होता. हलक्या खिशाच्या माणसाने वस्तू घेताना तिच्या मरणाचाही विचार करावा लागतो.

एवढे सगळे ठरल्यावर एकच प्रश्न उरला आणि तो सर्वांत कठीण निघाला. हेडफोन बंद पाठीचा घ्यावा की उघड्या पाठीचा? बंद हेडफोनच्या वाटीची पाठ भरीव असते. बाहेरचा गलका आत येत नाही आणि आतला आवाज बाहेर जात नाही. उघड्या हेडफोनच्या पाठीला जाळी असते. पडद्यामागचा आवाज वाटीत कोंडून न राहता निघून जातो, त्यामुळे संगीत डोक्यात न वाजता डोक्याभोवती वाजल्यासारखे वाटते. जर्मनीतील झेनहायझर कंपनीने १९६८ मध्ये ‘एचडी ४१४’ हा अशा प्रकारचा पहिला हेडफोन आणला. आवाजांच्या मधली जी जागा आम्ही शोधत होतो, ती उघड्या हेडफोनमध्ये अधिक मिळते. पण त्यात बाहेरचा रस्ताही ऐकू येतो, आणि रस्त्यावर मात करण्यासाठी माणूस आवाज वाढवत नेतो. याचे मोल कानाला मोजावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुरक्षित मानलेली मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याकाठी ४० तास अशी आहे. आवाज तीन डेसिबलने वाढला की हा वेळ निम्मा होतो. ८३ ला वीस तास, ८६ ला दहा, ८९ ला पाच. हे नवे अंदाजपत्रक पाहून मी बंद हेडफोनकडे झुकलो होतो. एकोणीस वर्षांच्या मुलाचे कान माझ्या घरी खराब झाले, असे बहिणीला सांगण्याची वेळ येऊ नये, एवढीच माझी इच्छा होती.

परंतु घरात आई होती. गेल्या भाद्रपदात ती न्हाणीघरात घसरून पडली. तेव्हापासून रात्री एकटीने उठायचे नाही, आम्हांला हाक मारायची, असे ठरलेले आहे. तिचा आवाज आता बारीक झाला आहे. हाक मारण्याचीही तिला भीड वाटते. एकदा मारते आणि मग पुष्कळ वेळ थांबते. साडेनऊपासून मध्यरात्रीपर्यंत मधल्या खोलीत जो कोणी बसलेला असतो, त्याच्या कानावर त्या एका हाकेची जबाबदारी असते. ही गोष्ट कोणत्याही खोक्यावर लिहिलेली नव्हती.

आम्ही बुधवार पेठेतील तपकीर गल्लीतल्या एका दुकानात गेलो. दुकानदार भला माणूस होता. त्याने चार नमुने उघडून दिले. ऐकून पाहण्याचा एक नियम आम्ही पाळला. सगळे हेडफोन एकाच मापाच्या आवाजात ऐकायचे, कारण थोडा मोठा वाजणारा हेडफोन कानाला नेहमी थोडा चांगला वाटतो. ध्वनिमुद्रणही आम्ही घरून नेले होते. ज्याचा कोपरा न् कोपरा ठाऊक आहे त्यावरच पारख करता येते. भाच्याने आधी बंद हेडफोन लावला आणि स्वतःच्या खेळाचा मुद्रित आवाज सुरू केला. मी त्याच्यामागे तीन पावलांवर उभा राहिलो आणि आई हाक मारते तेवढ्याच आवाजात म्हणालो, “अरे, आहेस का?” तो हलला नाही. मग त्याने उघड्या पाठीचा लावला. मी पुन्हा तेच शब्द उच्चारले. त्याने मान वळवली आणि सवयीने म्हणाला, “आलो, आजी.” दुकानदार हसला. आम्ही हसलो नाही. निवड झाली होती.

तो हेडफोन संगीतासाठी म्हणून विकला जाणारा, तारेचा, बत्तीस ओहमचा आणि कापडी गाद्यांचा आहे. त्याचे चार हजार दोनशे रुपये पडले. त्याला माइक नव्हता. सदऱ्याला अडकवायचा एक माइक पाचशे पन्नास रुपयांना वेगळा घेतला. गेमिंगच्या खोक्यात ज्या दोन वस्तू एकत्र बांधून दिलेल्या असतात, त्या सुट्या घेतल्याने एक बिघडली तरी दुसरी शाबूत राहते. संगणकावर ‘इक्वलायझर एपीओ’ ही विनामूल्य आज्ञावली बसवली. तिच्यात आमच्या दोघांच्या दोन मांडण्या आहेत. भाच्याच्या मांडणीत खर्ज किंचित उतरवलेला आहे, म्हणजे पावले उघडी पडतात. माझ्या मांडणीत सर्वांत वरचे स्वर थोडे उतरवले आहेत, कारण जुन्या ध्वनिमुद्रणांवरील खरखर तेथेच राहते. आवाजाचा प्रश्न आम्ही वेळेने सोडवला. साडेनऊला रस्ता अजून जागा असतो, म्हणून भाच्याने खेळ दहाला सुरू करावा आणि आवाजाची खूण ठरल्या रेषेपुढे नेऊ नये, असा करार झाला. माझा ख्याल अर्ध्या तासाने पुढे सरकला.

उघड्या हेडफोनचा तोटाही आहे. त्यातून थोडा आवाज बाहेर झिरपतो. आईच्या खोलीचे दार किलकिले असते. एकदा सकाळी तिने विचारले, “रात्री तंबोरा कुठे लागला होता?” तिची झोपमोड झाली असेल या शंकेने मी आवाज आणखी खाली आणला. दोन दिवसांनी ती म्हणाली, “आता काही ऐकू येत नाही रे.” तक्रार नेमकी कोणती होती, ते मी तिला विचारले नाही. खूण पूर्वीच्या जागी नेऊन ठेवली.

सोनीने १९७९ साली पहिला वॉकमन काढला, तेव्हा त्याला हेडफोनच्या दोन खोबणी ठेवल्या होत्या. दुसरा माणूस शेजारी असताना एकट्याने ऐकणे उद्धटपणाचे दिसेल, अशी कंपनीच्या प्रमुखांना चिंता वाटली होती. शिवाय त्यावर एक नारिंगी बटण होते. ते दाबले की संगीत मंद होऊन शेजारच्या माणसाशी बोलता येत असे. पुढे लोकांना एकट्याने ऐकण्याची सवय झाली आणि या दोन्ही सोयी नाहीशा झाल्या. यंत्राने जी काळजी घेणे सोडून दिले, ती घेण्याचे काम आता ऐकणाऱ्याकडे आले आहे. पैसे मोजके असोत वा भरपूर, ते त्यालाच करावे लागते.

भाच्याला त्याची किंमतही द्यावी लागते. ऐन डावात हाक येते, तो हेडफोन खाली ठेवून पाण्याचा तांब्या घेऊन जातो, आणि परत येईपर्यंत पडद्यावरील त्याचा सैनिक मरून पडलेला असतो. मित्र चिडतात. तो मला म्हणाला, “त्यांना सांगितलंय, आमच्याकडे कधी कधी मध्येच जावं लागतं.” या खरेदीचा हिशेब मी वहीत मांडला, तेव्हा पाच हजारांतून दोनशे पन्नास रुपये शिल्लक निघाले. गाद्या झिजतील तेव्हा लागतील म्हणून ते वेगळे काढून ठेवले आहेत.